आपल्या घरातली मुलगी ‘मी ट्रेनर होते’ म्हणाली तर?



या पानावर आपण बहुतेक जुन्या आठवणी लिहितो. काचीगुडा स्टेशन, सुलतान बाजार, विवेकवर्धिनीतले मास्तर, मराठवाड्यातून वडिलांच्या बदलीबरोबर इथे आलेलं बिऱ्हाड. मीही लिहिल्या आहेत, तुम्ही आवडीनं वाचल्यात. आज मात्र चालू विषयावर लिहिते. विषय आमच्या घरचा आहे, पण विद्यानगरच्या चार-पाच घरांत तोच ऐकल्यामुळे तो आता एकट्या आमचा राहिलेला नाही. लांबलंय, चहा घेऊन बसा.

विषय असा. माझी पुतणी, वय ४२. इंजिनिअर, हायटेक सिटीत आयटी कंपनीत अठरा वर्षं नोकरी. कोविडच्या काळात घरून काम सुरू झालं आणि बाईसाहेबांचं वजन ८६ किलोवर गेलं. एचबीएवनसी ६.३ निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह म्हणत नाही, पण उंबऱ्यावर उभ्या आहात. तिथून तिनं मनावर घेतलं. आधी उस्मानियाच्या आर्ट्स कॉलेजच्या रस्त्यावर चालायला लागली, मग जिम, मग वजनं उचलणं, खाण्यापिण्याची शिस्त. तीन वर्षं झाली, वजन ६४. साखर जागेवर. पाठदुखी गेली. इथपर्यंत सगळं घर खूष. वहिनी येईल-जाईल त्याला मोबाइलमधला आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवायच्या.

गेल्या वर्षी ती म्हणाली, मला नोकरी सोडून पर्सनल ट्रेनर व्हायचंय. मग मात्र घरात शांतता पसरली.

दादांचं म्हणणं, इंजिनिअरिंगची डिग्री काय दोरीवरच्या उड्या मोजायला घेतली? वहिनींना काळजी लोकांची. जावई म्हणाले, तिची इच्छा असेल तर माझी ना नाही, पण घराच्या कर्जाचे अजून नऊ वर्षांचे हप्ते आहेत आणि मुलगा इंटरला आहे. शेवटी पोरगी माझ्याकडे आली. ‘आत्या, तू बँकेत लोकांचे प्रोजेक्ट बघायचीस ना, माझा बघ आणि बाबांना सांग.’

मी बी.कॉम. होऊन बँकेत लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कर्जाचे अर्ज वाचण्यात हयात गेली. त्या सवयीनं मी हा विषय जरा खोलात जाऊन पाहिला. माझं जे मत झालं ते मांडते. पटलं तर घ्या, नाही पटलं तर खाली भांडा.

पहिला आक्षेप: हा काय धंदा आहे आपल्या लोकांचा?

हे म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते, आपल्याच लोकांचा आहे. महाराष्ट्रात व्यायाम शिकवणं हे कधीच हलकं काम मानलेलं नव्हतं. बडोद्याला राजरत्न माणिकरावांचा आखाडा होता, जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे त्यांचे उस्ताद. मुसलमान उस्तादाचं नाव मराठी शिष्यानं संस्थेला दिलं. त्या माणिकरावांकडे जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण शिकला. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. तिथले खेळाडू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायामप्रकार दाखवून आले. तिथे व्यायाम शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण देण्याची परंपरा आहे.

आणि हा राजांचाही धंदा होता बरं का! साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८ चा. त्यांनी तरुणपणी युजेन सँडो या जगप्रसिद्ध पैलवानाच्या पद्धतीचा व्यायाम बरीच वर्षं केला. पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. स्वतःच्या अंगावर फायदा दिसला, मग घरातल्यांना लावले, मग संस्थानच्या शाळांत सक्तीचे केले. पुस्तक लिहिलं. १९३८ साली लंडनहून त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, ते लुईस मॉर्गन नावाच्या एका पत्रकार बाईंनी संपादित केलेलं. आज ‘ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणतात ते याहून वेगळं काय आहे? आधी स्वतःवर प्रयोग, मग घरच्यांवर, मग गावावर. राजानं केलं तर लोककल्याण आणि आमच्या पोरीनं केलं तर उड्या मोजणं?

आपल्या हैदराबादेतही बारकसचे पैलवान, जुन्या शहरातल्या तालमी, तिथले उस्ताद यांना काय मान होता ते सत्तरीच्या पुढच्यांना विचारा. उस्तादांसमोर चपला घालून कुणी उभं राहत नसे. ते उस्ताद गेले, त्यांच्या जागी टी-शर्टवर ‘ट्रेनर’ लिहिलेली मुलं आली आणि आपण त्यांना ‘ए, जरा तो पंखा लाव’ म्हणायला लागलो. मान गेला तो कामाचा नाही, आपल्या नजरेतला.

दुसरा आक्षेप: स्वतः बारीक झाली, म्हणून दुसऱ्याला शिकवता येतं का?

हा आक्षेप मात्र खरा आहे आणि याला उडवून लावता येणार नाही.

आधी त्याची चांगली बाजू. ज्यानं स्वतः वीस किलो उतरवले त्याच्याकडे एक माहिती असते जी जन्मतः सडपातळ माणसाकडे नसते. संध्याकाळी सहाला फरसाणाचा डबा कसा हाक मारतो, जिममध्ये पहिल्या दिवशी आरशात बघायची कशी लाज वाटते, तिसऱ्या महिन्यात काटा हलत नाही तेव्हा सगळं सोडून द्यावंसं कसं वाटतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन नायडेच नावाची एक गृहिणी होती, वजन ९७ किलोच्या घरात. तिनं १९६१ साली महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यातून आहाराचा तक्ता आणला. तक्ता तिचा नव्हता, दवाखान्याचा होता. तो पाळणं जमेना म्हणून तिनं मैत्रिणींना घरी बोलावलं आणि सगळ्याजणी मनातलं बोलायला लागल्या. वर्षभरात तिचं वजन ६४ वर आलं. १९६३ मध्ये त्यातून ‘वेट वॉचर्स’ ही जगभर पसरलेली कंपनी उभी राहिली. तक्ता सगळ्यांना मिळत होता, पण तो पाळायला लावणारी बाई कुणाजवळ नव्हती.

आपल्या गावातलं उदाहरण घ्या. किरण डेंबला, मूळच्या आग्र्याच्या, लग्नानंतर हैदराबादेत. संसारात गुंतलेल्या गृहिणी, वजन वाढलेलं, त्यातच मेंदूत रक्ताची गाठ निघाली, असं त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय. तिशी ओलांडल्यावर व्यायामाला सुरुवात केली आणि २०१३ साली बुडापेस्टच्या जागतिक शरीरसौष्ठव स्पर्धेत भारतातर्फे उतरून सहाव्या आल्या. आज तेलुगू सिनेमातले मोठमोठे लोक त्यांच्याकडून शिकतात. मराठी घरांना तर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं उदाहरण ठाऊक आहेच. श्रीकांत जिचकारांच्या विचारांचा प्रयोग त्यांनी आधी स्वतःवर केला, वजन उतरलं, मग व्याख्यानं सुरू झाली. ‘दीक्षित की दिवेकर’ यावर आपल्या किती लग्नांच्या पंगतीत वाद झाले ते आठवा! वाद बाजूला ठेवा, पण लोक ऐकायला बसले ते ‘मी स्वतः करून पाहिलंय’ या वाक्यामुळे.

आता दुसरी बाजू. बँकेत माझ्यासमोर एखादा यायचा, ‘मॅडम, माझ्या मेव्हण्याचं बेकरीत चांगलं चाललंय, मलाही बेकरीला कर्ज द्या.’ मी विचारायची, मेव्हण्याचं चाललं त्याचं कारण काय? जागा? भाव? की शेजारचं कॉलेज? तेच इथे. एका शरीरावर जे चाललं ते दुसऱ्यावर चालेल याची हमी नाही. तिचं वय ४२, समोरची बाई ६८ ची, गुडघ्यात झीज, बीपीची गोळी चालू, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. तिला तोच व्यायाम देऊन कसं चालेल? शिवाय ज्यांचं जमलं तेच फोटो टाकतात. ज्यांचं त्याच रीतीनं जमलं नाही, कंबर धरली, ते घरी बसून असतात. त्यांचा फोटो कुणी टाकत नाही.

इथे मला कुवलयानंदांचा मोठेपणा वाटतो. योगाचा गुण त्यांना स्वतःला आला होता, तेवढ्यावर ते प्रचार करत सुटू शकले असते. पण त्यांनी प्रयोगशाळा उभी केली, एक्स-रे काढले, रक्तदाब मोजले आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून ते छापलं. मला गुण आला इथे ते थांबले नाहीत, का आला आणि इतरांना येतो का हे तपासलं. स्वतःच्या बदलातून ट्रेनर होऊ पाहणाऱ्या प्रत्येकानं ही पायरी ओलांडली पाहिजे. बदललेलं शरीर ही जाहिरात झाली. पात्रता वेगळी कमवावी लागते.

आणि आपल्या देशात ती कमवायची सक्ती नाही, ही अडचण आहे. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, सीएला इन्स्टिट्यूटची. ट्रेनरला अशी सनद देणारी कायदेशीर परिषद नाही. कुणीही उद्या टी-शर्ट घालून उभं राहू शकतं. आमच्याच ओळखीतल्या एका तरुण मुलाला एका जिममध्ये तिसऱ्या आठवड्यातच पावडरचे डबे विकले गेले आणि पुढे इंजेक्शनची गोष्ट निघाली. आईला वेळेवर कळलं म्हणून निभावलं. आपल्या शेजारी तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ पासून इथे आहे. त्या संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेण्याविरुद्ध स्पष्ट सावध केलंय. वरण, उसळ, दही, अंडी, शेंगदाणे यांतून सर्वसाधारण माणसाची गरज भागते. एवढी मोठी संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आणि आपली मुलं सल्ला घेतात डबे विकणाऱ्याकडून!

म्हणून ट्रेनर कुणीही असो, आपली पुतणी असो की परका, त्याला मी पुढचे प्रश्न विचारा म्हणेन. बँकेत खातं उघडताना केवायसी करतो ना, तसं.

एक, प्रमाणपत्र कुठलं? परीक्षा झाली की नुसती हजेरी? त्यात प्रथमोपचार आणि सीपीआर होतं का? अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजसारखी नावाजलेली संस्था सीपीआरच्या प्रमाणपत्राशिवाय ट्रेनरचं प्रमाणपत्र देत नाही.

दोन, पहिल्या दिवशी त्यानं तुम्हाला काय विचारलं? ‘पार-क्यू’ नावाची सात प्रश्नांची साधी यादी जगभर वापरतात. हृदयाचा त्रास सांगितलाय का, श्रम करताना छातीत दुखतं का, श्रम नसतानाही अलीकडे दुखलंय का, चक्कर येते का, हाडासांध्याचा त्रास आहे का, बीपी किंवा हृदयाची गोळी चालू आहे का, आणि व्यायाम न करण्याचं आणखी काही कारण आहे का. एकालाही ‘हो’ आलं तर आधी डॉक्टर. हे न विचारता जो थेट वजनं हातात देतो त्याच्याकडून नमस्कार करून परत या.

तीन, वजन उतरून किती वर्षं टिकलंय? अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवलेल्यांची एक नोंदवही ठेवली जाते. तिच्यात नाव घालायची अट नुसतं तेरा-चौदा किलो उतरवण्याची नाही. ते निदान वर्षभर टिकवलेलं असलं पाहिजे. सहा महिन्यांच्या फोटोवर भुलू नका.

चार, तो काही विकतो का? विकत असेल तर त्याचा सल्ला कुणाच्या फायद्याचा, हे तुम्हीच ठरवा.

तिसरा आक्षेप: पगार सोडून हे कशाला?

इथे मी दादांच्या बाजूची आहे असं पोरीला वाटलं. मी फक्त बँकवाली आहे.

हा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. गिऱ्हाइकं सकाळी पाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. मधला दिवस रिकामा, पण झोपेचं खोबरं. जिममध्ये नोकरी केली तर फीचा मोठा वाटा जिमचा. स्वतः केलं तर गिऱ्हाईक स्वतः शोधायचं. लग्नसराई, दिवाळी, परीक्षा, पाऊस, प्रत्येक वेळी माणसं गळतात. आजारी पडलं की त्या दिवसाची कमाई शून्य. प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि स्वतःचं शरीर हेच भांडवल. गुडघा गेला तर दुकान बंद.

म्हणून मी तिला अटी घातल्या, कर्जमंजुरीच्या पत्रात घालतात तशा. बारा महिन्यांचे घराचे हप्ते मुदत ठेवीत बाजूला. कंपनीचा ग्रुप विमा सुटायच्या आधी स्वतःचा आरोग्य विमा सुरू, कारण नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. यंत्रांसाठी एक रुपयाही कर्ज नाही. डंबेल्स, रबरी पट्टे, चटई, बस्स. व्यायामाच्या यंत्रांना दुसऱ्या हाताला किती किंमत येते ते मी वसुलीच्या काळात पाहिलंय. प्रत्येक गिऱ्हाइकाची लेखी नोंद. आणि नोकरीत राहूनच एक वर्ष शनिवार-रविवारी पाच जणींना शिकवून दाखव. त्यातल्या तिघी वर्षाखेर टिकल्या तर दादांशी मी बोलते.

ती चिडली. ‘आत्या, तूपण!’ म्हणाली. दोन आठवडे फोन नाही. मग एक दिवस ठेवीची पावती फोटो काढून पाठवली. खाली काही लिहिलं नव्हतं.

आता आपल्याबद्दल

मंडळी, खरा मुद्दा पुढेच आहे. अशा माणसांची गरज कुणाला आहे? तर आपल्याला.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. जगभरच्या आकडेवारीवरून २०२४ मध्ये निघालेल्या एका अभ्यासात दिसलं की आपल्या देशातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचालच करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. आपण काय करतो? चालतो. चालून आल्यावर इडली-वडा खातो. चालणं चांगलंच, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम आपल्या पिढीत, त्यातून बायकांत, जवळजवळ कुणी करत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात खाली सतरंजीवर बसलेल्या बायका उठताना एकमेकींचा हात धरतात, ते बघा एकदा.

वय झालं, आता काय उपयोग, असं म्हणू नका. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! अर्थात ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालं. स्नायू वय विचारत नाही, पण शिकवणारा जाणकार लागतो.

असा जाणकार आपल्या भाषेत बोलणारा, आपल्या स्वयंपाकघरातलं जाणणारा असेल तर किती सोपं होईल! एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि चातुर्मासातलं एकभुक्त, इकडे राहून अंगवळणी पडलेला तीन वेळचा भात, गणपतीतले मोदक. हे माहीत असलेली बाई ‘सगळं बंद करा’ म्हणत नाही. आमच्या वहिनींना तिनं सांगितलं, ‘आई, खिचडी खा, पण वाटीभर, आणि सोबत ताक आणि काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर.’ परक्या ट्रेनरनं वहिनींना साबुदाणा म्हणजे काय हेच आधी विचारलं असतं.

पण आपण या लोकांना वागवतो कसं? मुलांच्या शिक्षणाला आपण हात आखडत नाही. नल्लकुंट्याला रामय्या सरांचा आयआयटीचा क्लास होता, त्या क्लासात प्रवेश मिळावा म्हणून तयारी करून घेणारे वेगळे क्लास निघाले होते. त्या क्लासांना आपण न बोलता पैसे भरले. आणि ट्रेनरनं फी सांगितली की ‘एवढे? नुसतं हात वर-खाली करायचे?’ डॉक्टरला तपासणीचे पैसे विचारत नाही, औषधाच्या दुकानात बिल न वाचता कार्ड पुढे करतो. गोळी लांबवणाऱ्या माणसाशी मात्र घासाघीस. सांगून सुट्टी घेतलेल्या दिवसाचे पैसे कापून द्या म्हणणारे शिकलेसवरलेले लोक मी पाहिलेत. ज्या धंद्याला आपण नीट पैसे देणार नाही त्यात शिकलेली, जबाबदार माणसं येणार नाहीत. मग येतील ते डबे विकून कमी पडणारे पैसे भरून काढणारेच. हा साधा हिशोब आहे.

दुसरं, आपल्या बायकांबद्दल. साठीच्या पुढच्या कित्येकजणी जिमच्या पायऱ्या चढायला तयार नाहीत. गाणी मोठ्यानं, मुलं वीस-बावीसची, कपड्यांचा संकोच. त्यांना घरी येऊन, साडी किंवा पंजाबी ड्रेसवर, खुर्ची धरून शिकवणारी चाळिशीची बाई हवी आहे. अशा बायका आपल्याच घरांतून तयार होतील. त्यांना आपणच ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दारात अडवलं तर बाहेरून कोण आणणार?

तर माझं मत सरळ आहे. स्वतःचं शरीर बदललेलं माणूस ट्रेनर व्हायचं म्हणत असेल तर त्याला हसू नका आणि लगेच हारही घालू नका. शिक म्हणा, परीक्षा दे, जीव वाचवायला शिक, दोन वर्षं वजन टिकवून दाखव, पैशाची तजवीज कर. एवढं केलं की मग तो इंजिनिअर होता की कारकून, हे विचारू नका. सन्मानानं फी द्या आणि वेळेवर हजर राहा.

आमच्याकडची आजची परिस्थिती सांगते, कारण तुम्ही विचारणारच. तिनं प्रमाणपत्र घेतलं, सीपीआरसह. पाच जणींपैकी चौघी टिकल्या, पाचवी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. नोकरी अजून सोडलेली नाही, बिनपगारी रजा मागितली आहे आणि कंपनीचं उत्तर यायचं आहे. दादा अजून नाराजच आहेत. पण त्या चौघींत एक वहिनी आहेत. मागच्या महिन्यात त्या देवघरासमोर पाटावरून हाताचा टेकू न घेता उठल्या. दादांनी वर्तमानपत्राआडून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. आमच्या घरात ‘काही न बोलणं’ ही अर्धी संमती असते. उरलेली अर्धी मिळेल की नाही, मला खरंच माहीत नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल, किंवा तुम्ही स्वतः उतारवयात सुरुवात केली असेल, तर जरूर लिहा. आणि हौ, विद्यानगरातल्या ज्या बायकांना खुर्चीवरून उठताना हात टेकावा लागतो, त्यांनी मला फोन करायला संकोच करू नका. फी मात्र मी कमी करून देणार नाही, आधीच सांगते.